बोटीत मी एकटीच

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! दोन ट्रंका, एक गादी, माझ्या लेकीने, खारूने, जबरदस्तीने सोबत दिलेलं तिचं पांघरूण आणि मी. कँटीनच्या माडीवर तात्पुरती खोली मिळाली आहे. तीन खिडक्या आहेत आणि तिन्हींतून पाणीच दिसतं. एवढं मोठं तळं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझं केंद्र पलीकडच्या काठावर आहे. पाण्याची पातळी दिवसातून तीनदा नोंदवायची, बाटल्यांत नमुने भरायचे आणि ते इकडच्या धक्क्यावर आणून द्यायचे, एवढंच काम. तिकडे दोन खोल्यांचं क्वार्टर, स्वतंत्र न्हाणीघर, फोनसुद्धा आहे. शाळा, बाजार, दवाखाना मात्र सगळं या काठाला. मधे वीस मिनिटांचं पाणी, आणि ते ओलांडायला एक मोटरबोट, जी मी स्वतः चालवायची आहे. अर्जात मी बेधडक लिहून टाकलं होतं की शिकेन. लिहायला काय जातं!

ताईची अट ठरलेली आहे. खारूचे बाबा गेल्यापासून दोन वर्षं पोरीला तिनेच सांभाळलंय, त्यामुळे तिच्यापुढे माझं काही चालत नाही. मी एकटीने बोट नेऊन-आणून दाखवली तर ३० तारखेला, शाळा उघडायच्या आधी, खारू कायमची माझ्याकडे. नाही जमलं तर आणखी एक वर्ष मावशीकडे. आणखी एक वर्ष मला नाही काढवणार. परवा ती ताईला चुकून आई म्हणाली आणि दोघी हसल्या. मीही हसले.

५ तारीख, बुधवार

आजपासून मिस्त्रींची तालीम सुरू. मिस्त्री म्हणजे धक्क्यावरची सगळी इंजिनं दुरुस्त करणारे गृहस्थ. पंचावन्नच्या आसपासचे, काटकुळे, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. मला वाटलं शेजारी बसून शिकवतील. छे! मला बोटीत बसवलं, बोट लांब दोरीने धक्क्याला बांधली आणि स्वतः वरच उभे राहिले. तुम्ही नाही का येत, असं मी विचारलं. त्यावर म्हणाले की शेजारी माणूस असला की बाई त्याला विचारत बसतात, एकट्या असल्या की चालवायला शिकतात. पटलं मला. तरी दिवसभर दाव्याला बांधलेल्या वासरासारखी मी गोल गोल फिरत होते, आणि ते वरून शिट्ट्या मारत होते. इंजिनाचा वळवायचा दांडा डावीकडे दाबला की बोट उजवीकडे जाते हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत धक्क्याला चारदा धडकले. कँटीनवाली कपबश्या विसळायच्या सोडून बघत उभी होती. हस म्हटलं, हस.

एक गोष्ट कळली. इंजिन मागे, चालवणाराही मागे, त्यामुळे एकटं माणूस असलं की बोटीचं नाक वर उचललं जातं आणि ती वाऱ्यावर भरकटते. म्हणून पुढच्या बाकाखाली पाण्याने भरलेला कॅन ठेवायचा. दुसरा नियम मिस्त्रींचा स्वतःचा: बोटीत बसायचं, बोटीच्या काठापासून खाली पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं, मगच दोरी सोडायची. रोज. न चुकता. सहा माणसांची बोट आहे, मी एकटी चालवणार, त्यात मोजायचं काय डोंबल? पण मोजमापं हा माझा धंदाच आहे, तेव्हा मला मजा वाटली. मी बसल्यावर अठरा इंच भरलं.

८ तारीख, शनिवार

आज दोरी सुटली! धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर जाऊन परत आले. परत येऊन लावणं हीच खरी परीक्षा आहे. वेग कमी करायचा, मग रिव्हर्स, मग उठून दोरी खुंटीत टाकायची, आणि हे सगळं एकाच माणसाने, दोनच हातांनी. पहिल्यांदा दोरी पाण्यात पडली. दुसऱ्यांदा मिस्त्रींच्या टोपीवर. ते हसले नाहीत. हसण्याचं यंत्र बिघडलेलं दिसतंय, स्वतः मिस्त्री असून दुरुस्त करून घेत नाहीत. तिसऱ्यांदा दोरी खुंटीत बसली आणि मी एवढ्या जोरात ओरडले की कँटीनमधली माणसं बाहेर आली.

अठरा इंच.

१२ तारीख, बुधवार

एकटी पलीकडे जाऊन आले!!

जाताना अर्धा वेळ रडकुंडीला आले होते. वारा आडवा, नाक इकडून तिकडे, आणि दांडा धरून धरून बोटं बधिर. बरोबर मध्यावर एक नारिंगी पिंप तरंगतं, नांगर टाकून कायमचं ठेवलेलं. त्याच्याजवळून जाताना बोट उजवीकडे जरा कलली, कोणी काठाला धरून लोंबकळावं तशी, आणि परत सरळ झाली. लाट असावी. पण गंमत म्हणजे तिथून पुढे सगळं सोपं झालं. नाक खाली बसलं, बोट सरळ धावायला लागली. पलीकडे एकाच प्रयत्नात धक्क्याला लावली, आणि इकडे येतानाही तसंच.

परत आल्यावर बघते तर कॅन धक्क्यावरच राहिलेला! म्हणजे कॅनशिवाय गेले आणि आले. हात बसला म्हणायचा माझा.

१६ तारीख, रविवार

क्वार्टरमध्ये राहायला येऊन तीन दिवस झाले. कपाट आतून पुसलं, खारूच्या कॉटसाठी खिडकीजवळची जागा ठरवली. रोज सकाळी नमुने घेऊन पलीकडे जाते आणि दुपारपर्यंत परत येते. बोट आता अशी शहाण्यासारखी चालते की विचारू नका. वळणावर डगमगत नाही, वाऱ्याला दाद देत नाही. काल तर चक्क गाणं म्हणत आले. ताईला फोनवर सगळं ऐकवलं. ती खारूची बॅग काढून ठेवते म्हणाली. ताईकडून एवढं पुष्कळ आहे.

अंतर मात्र बारा इंच भरलं. कँटीनवालीचं खाऊन मी सुटलेय हे खरं, पण सहा इंच?

१९ तारीख, बुधवार

आज दहा.

तळाच्या फळ्या काढून बघितल्या. कोरड्या ठणठणीत. कुठे गळती नाही. इंजिनाच्या पंख्याजवळही नाही.

पिंपाजवळचा तो हेलकावा आता ओळखीचा झालाय. परतताना कधीच नाही, फक्त सकाळी जाताना. उजवी बाजू खाली जाते, क्षणभर थांबते, मग वर येते, आणि बोट आणखी थोडी जड होते. जड झाली की छान चालते. हे मी आज पहिल्यांदा स्पष्ट लिहितेय आणि मला आवडलेलं नाही.

२२ तारीख, शनिवार

साडेसात.

पुढचे बाक ओले होते. पाण्याचा एक थेंब उडाला नव्हता, तळं आरशासारखं. ओलं सगळीकडे नव्हतं. बाकावर माणूस बसतो तेवढ्याच जागी, एकाशेजारी एक. मी रुमालाने पुसलं. मध्यावरून पुढे गेल्यावर मागे वळून दांडा नीट केला, परत पुढे बघितलं, तर पुन्हा ओलं.

आठ दिवसांवर आलीय खारू. तिला पुढेच बसायचं असतं, कुठल्याही वाहनात.

२४ तारीख, सोमवार

आज मुद्दाम दांडा सैल सोडून बघितला. बोट रेघ मारल्यासारखी सरळ जात राहिली. बारा तारखेपासून मी जो काही तोरा मिरवतेय, तो कशाच्या जोरावर? भरलेली बोट स्थिर असते. रिकामी भरकटते. मिस्त्रींनीच सांगितलं होतं पहिल्या दिवशी.

मला येत नाही चालवता. मी कधी एकटी गेलेच नाही.

२७ तारीख, गुरुवार

मिस्त्रींना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की कुठे जड होते. पिंपाजवळ म्हटल्यावर ते पायरीवर बसले ते बसलेच. मग म्हणाले की बोट जुनी आहे, पाणी पिते. ही बोट फायबरची आहे, फायबर पाणी पीत नाही, आणि हे मला त्यांनीच शिकवलंय. ते उठून शेडमध्ये गेले आणि बाहेर आले नाहीत.

मग कँटीनवाली बोलली. अकरा वर्षांपूर्वी मिस्त्री या तळ्यावर माणसं नेण्या-आणण्याची बोट चालवायचे. शेवटची फेरी, लोक गयावया करत होते, आणि यांना नाही म्हणवलं नाही. सहाच्या बोटीत आठ घेतले. मध्यावर काठावरून पाणी आत आलं. मिस्त्री तेवढे पोहत आले. आठांपैकी कोणीही नाही. ते पिंप त्या जागेची खूण आहे. तेव्हापासून या माणसाने पाण्यात पाय ठेवलेला नाही, नवीन माणसाला शिकवायचं तरी धक्क्यावर उभं राहूनच. आणि मला कोणी सांगितलं नाही, कारण मी आधीच घाबरट दिसत होते म्हणे.

परतताना डोळे मिटून यावंसं वाटलं. पण चालवायचं होतं.

२८ तारीख, शुक्रवार

सहा इंच.

आठ झाले असावेत. आज हेलकावा नव्हता. पिंपाजवळ काहीच झालं नाही. म्हणजे सगळे आलेत.

येताना सामानाची लाँच लांबून गेली, तिची लाट — काठावरून आत. घोट्यापर्यंत पाणी. मी ओरडले. उतरा म्हणाले, हात जोडले, वाट्टेल ते बोलले. कोणाशी बोलतेय मी? पुढे कोणी नाही. बाकांवर सहा जागा ओल्या आणि खाली मधल्या जागेत दोन ओले ठसे.

खारूला यात नाही बसवणार. मेले तरी नाही.

२९ तारीख, शनिवार

ताईला फोन केला. उद्या आणू नकोस म्हटलं. ती म्हणाली, ठाऊकच होतं, ऐन वेळी तुझा धीर सुटणार. सुटला असं कबूल केलं. दुसरं काय सांगणार होते?

मग खारूने फोन घेतला. मी तुला नकोय का, असं विचारलं. मी म्हटलं की बोट बिघडलीय. ती म्हणाली, तू खोटं बोलतेस की नाक ओढतेस, मला ऐकू येतं. आणि ठेवला.

आज गेले नाही. बोट खाली बांधलेली आहे. मी आत नाही तरी काठ पाण्याच्या तेवढाच जवळ. बसून आहेत. खिडकीचा पडदा ओढून घेतला.

३० तारीख, रविवार

सकाळी ८ — पातळी नोंदवली. बोट तशीच. वारा बराच.

१०.१० — मिस्त्रींचा फोन. ताई पोरीला घेऊन धक्क्यावर आलीय, पोरीने रडून रात्र काढली. मिस्त्री म्हणाले की बाई, काळजी करू नका, मीच आणून सोडतो तिला. शेडमधली त्यांची बोट काढलीय. म्हणाले, पाण्याला घाबरणारी तुमच्यासारखी बाई रोज एकटी जाते हे महिनाभर बघतोय, मग मलाच काय झालंय, अकरा वर्षं पुरे झाली. माणूस चक्क हसत होता. मी नको म्हणायच्या आत फोन ठेवला.

परत लावतेय. घंटा वाजतेय. कोणी उचलत नाही.

१०.२० — अजून वाजतेय. हात रिकामा राहवत नाही म्हणून लिहितेय. खिडकीतून आपली बोट दिसते. ती नाचतेय. लाटेवर कागदासारखी. काठ पाण्यापासून हातभर वर. बाक कोरडे — केंद्रातल्या दुर्बिणीतून बघितलं — कोरडे.

सुटले! देवा, सुटले गं बाई. गेले सगळे.

कँटीनवालीने उचलला. बोट कधीच निघाली म्हणाली. दोघंच, मिस्त्री आणि खारू, खारू पुढे. ताई हात हलवत उभी आहे.

गेले म्हणजे कुठे —

त्यांना मी नको होते. त्यांना मिस्त्री हवा होता. तो पाण्यात यायची वाट —

१०.३० — दिसतायत. पिंपाच्या अलीकडे. दोघंच आहेत. दोघांची बोट अशी बसत नाही. काठ दिसत नाहीये, नुसती दोन माणसं पाण्यावर बसल्यासारखी. खारूचं लाल जॅकेट. ती हात हलवतेय, तिला काही कळलेलं नाही. मिस्त्री उभे राहिलेत. मागे नाही, पुढे बघतायत, तिच्या आजूबाजूला —

जाते. वारा आडवा आहे. नाक वर येईल, भरकटेल, येऊ दे. कॅन भरायला वेळ नाही. रिकामी बोट, मी एकटी. दांडा डावीकडे म्हणजे उजवीकडे, वेग कमी, मग रिव्हर्स, येतं मला, मला येतं, खारू, उभी राहू नकोस, बाळा, बसून राहा, मी आले, दोरी सोडली की —