सोबत कोण आलंय?

आई, गेल्या आठवड्यापर्यंत मी रोज संध्याकाळी पोटाची चिमूट धरून स्वतःला सुई टोचत होते, आणि एकदाही कुणाची मदत लागली नाही. कुठं शिकले? तुझ्याच पोटावर की! नववीत होते. बाबा गेलेले, तुझ्या डोळ्यांना सिरिंजवरचे आकडे दिसेनात, म्हणून इन्सुलिन टोचायला मीच. मी रडकुंडीला आलेली आणि तू पदर बाजूला सारून बसलेली. 'टोच की गं, मी काय मरते व्हय?' त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. सिडकोत नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, त्यात लोडशेडिंग, फ्रीज म्हणजे नुसतं कपाट झालेलं. तू औषधाची बाटली लहान मडक्यात घालून ओल्या वाळूत ठेवतेस. टँकरच्या रांगेत भांडून दोन घागरी आणतेस आणि तुझ्या आंघोळीचं अर्धं पाणी त्या वाळूवर ओततेस. 'औषध गार राहिलं म्हंजे झालं. मला कोण हुंगतंय?'

आता मी माझी बीजं गार ठेवायला निघाले होते. पुढं कधी मूल हवं असेल तर बायका आता बीजं काढून गोठवून ठेवतात, आई. डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं, सुयांनी पोट फुगेल, चिडचिड होईल, एक दिवसाआड सोनोग्राफी, शेवटी थोडी भूल देऊन बीजं काढायची, आणि एवढं करून मूल होईलच असं नाही. झालंही तसंच. वाळूजच्या कंपनीत ड्रेस घट्ट व्हायला लागला, बसमध्ये खिडकीशी बसून उगाच रडू यायचं. आत्यानं स्थळ आणलं होतं तेव्हा तू तिला वाटेला लावलंस, आठवतं? 'आधी तिला पायावर उभी राहू दे, बाकीचं मागाहून होतंच.' राहिले बघ उभी. अख्खा विभाग माझ्या हाताखाली आहे. पण एकोणचाळिशीत कळतंय, सगळंच मागाहून होत नाही गं. मला मूल हवंय, आई. लई हवंय. आणि बीजं मिळाली किती, तर तीन. आकडा सांगताना डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

बीजं काढायच्या दिवशी आत नेण्याआधी सिस्टरनं विचारलं, 'सोबत कोण आलंय?' भूल दिल्यावर एकटीला घरी सोडत नाहीत. शेजारच्या काकू न्यायला येणार होत्या. त्यांना मी गाठ काढायचीय असं सांगितलेलं. पण तोंडातून निघून गेलं, 'आई येतेय.' तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी! जाग आली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पोरीची आई तिची वेणी सोडून केस सारखे करत होती. मी तिकडंच बघत राहिले. सिस्टर म्हणाली, 'मॅडम, तुमच्या आई अजून आल्या नाहीत. फोन लावू का?' मी म्हटलं, 'येईल. टँकरच्या रांगेत असेल.' ती हसली. काकू आल्यावर त्यांना तिनं सांगितलं, 'आई टँकरच्या रांगेत आहे म्हणून भुलीत बरळत होत्या.' काकूंनी डोळे पुसले आणि मला रिक्षात बसवलं.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून फ्रीजच्या दारात ठेवते, तुझी बाटली असायची त्या कप्प्यात. एवढंच तुला सांगायचं होतं. सिस्टरला मी ते टँकरचं उत्तर दिलं ना, तेव्हा भूल केव्हाच उतरली होती.