एका संगणकात दोन ऑफिसं

बुधवार, ३ जानेवारी २०२४

आजपासून आमच्या संगणकात दोन ऑफिसं! ऑफिस एकच, खोली एकच, संगणक एकच — आणि आत दोन ऑफिसं.

झालं असं की बोर्डाकडून आलेली बारावीच्या नावांची यादी आमच्या जुन्या ऑफिसमध्ये, म्हणजे टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडेना. नुसते चौकोन. जळगावहून रोनकला बोलावलं. त्याचं संगणकाचं दुकान आहे, आमच्या कॉलेजची दुरुस्ती तोच बघतो. म्हणाला, "मॅडम, जुनं काढून टाकतो, नवं टाकतो. वीस मिनिटांचं काम." मी म्हटलं, जुन्याला हात लावायचा नाही. दाखल्यांचे सगळे नमुने त्यात. जुना मराठी फॉन्ट त्यात. एकोणीस वर्षांचा पत्रव्यवहार त्यात. तो म्हणाला, "दोन्ही राहतात एकत्र. पण त्रास होईल."

होऊ दे म्हटलं.

झिपरूभाऊ शिपाई चहा घेऊन आले होते. पडद्यावरची दोन चित्रं बघून म्हणाले, "मॅडम, एक घरमा दोन सवती ठेवात, मंग भांडण व्हईच ना!" माझ्या हाताखालची नूतन तोंडावर ओढणी धरून हसत होती. मलाही हसू येत होतं. पण हसले असते तर उद्या कुणी ऐकलं नसतं.

गुरुवार, ४ जानेवारी

जुनं उघडून बंद केलं आणि नवं उघडलं, की एक पाटी येते — थांबा, मांडामांड चालू आहे, अशा अर्थाची. हिरवी पट्टी सरकत राहते. तीन मिनिटं! परत जुन्यात जावं तर परत तेच. बदली झालेल्या माणसासारखं दर वेळी सामान लावतंय.

नूतन म्हणते, "नव्यातच करू या ना मॅडम सगळं." तिचं वय सव्वीस, तिला काय! शेवटी वाटणी केली. मी जुन्यात काम करायचं, तिने नव्यात. बोर्डाची यादी, परीक्षेचे तक्ते, सगळं तिने मला जुन्यात उघडेल असं करून दिलं. मुलगी हुशार आहे. अकरा महिन्यांच्या करारावर आहे, ३१ तारखेला मुदत संपते. तिचा अहवाल मलाच द्यायचा आहे.

सोमवार, ८ जानेवारी

यादीतली अकरा नावं दुरुस्त केली. बहुतेक आयांची नावं चुकलेली. वेळ सव्वापाच. सेव्ह केलं. सकाळी नूतन ऑनलाइन भरेल.

मंगळवार, ९ जानेवारी

अकराच्या अकरा नावं चुकीचीच गेली!

नूतन म्हणते, "मॅडम, फाइल उघडली, होतं तसं भरलं."

"मग माझी दुरुस्ती कुठे गेली?"

"तुम्ही... सेव्ह केलं होतं ना?"

मला विचारते! चौतीस वर्षं झाली नोकरीला. नोकरी टाइपरायटरवर होती तेव्हा सेव्ह म्हणजे कार्बन.

पण घरी आल्यावर विचार करत बसले. केलं होतं का? बटण दाबल्याचं आठवतं. की रोज दाबते म्हणून आठवतं?

मुदत शुक्रवारपर्यंत आहे. परत भरू.

गुरुवार, ११ जानेवारी

आज शोभा झाली. बारावीची सराव परीक्षा सुरू. पर्यवेक्षणाचा तक्ता मी काल बदलला होता — चौधरी सरांना चारमधून काढून सात नंबरच्या खोलीत टाकलं. सकाळी नोटीस बोर्डावर जुनाच तक्ता! चार नंबरमध्ये दोन शिक्षक एकमेकांकडे बघत उभे, सातमध्ये कुणीच नाही. बेचाळीस मुलं वीस मिनिटं एकटी. पेपर काय लिहिले असतील, देवच जाणे.

प्राचार्यांनी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून?"

चढवला असता तर बरं झालं असतं.

तक्ता नूतनने छापला. तिचं तेच — "फाइलमध्ये असाच होता."

शुक्रवार, १२ जानेवारी

धुळ्याला वच्छलाअक्काला फोन केला. विचारलं, आई कितव्या वर्षी विसरायला लागली गं?

"काबरं इचारस? तुले काय व्हयनं वं?"

"काही नाही. सहज."

"तुले त पाचवीमा तुनी पाटी कोनी फोडी तेबी याद शे! आन् अजूनबी तिन्हा संगे बोलत नही तू!"

हसले. पण आकडा तिने सांगितला नाही, आणि मी परत विचारला नाही. मला माहीत आहे. एकोणसाठ. मी सत्तावन्नची आहे.

मंगळवार, १६ जानेवारी

स्वतःचीच परीक्षा घ्यायची ठरवली. तोंडी परीक्षेच्या वेळापत्रकात तीन बदल केले. प्रत्येक बदल चिठ्ठीवर लिहिला, वेळ टाकली, सही केली. फाइल सेव्ह केली, बंद केली, परत उघडून पाहिली. तिन्ही बदल जागेवर. चिठ्ठी पर्समध्ये.

बुधवार, १७ जानेवारी

नूतनला म्हटलं, कालचं वेळापत्रक छाप. छापलं. तिन्ही बदल गायब! चिठ्ठी काढली — तारीख, वेळ, सही, सगळं आहे.

म्हणजे माझं डोकं शाबूत आहे. आधी इतकं बरं वाटलं की खुर्चीत टेकले. मग लक्षात आलं. माझं शाबूत असेल तर बदल काढतं कोण? संगणकावर आम्ही दोघीच बसतो.

सरळ विचारलं. ती म्हणाली, "मी कशाला करेन मॅडम असं?"

तेच तर कळत नाही! कशाला करेल? मला खोटं पाडायला? माझ्या जागेवर यायला? करारावरच्या मुलीला ही जागा मिळत नाही, हे तिला ठाऊक आहे.

दुपारी पाणी प्यायला उठले तर जिन्यात ती झिपरूभाऊंशी बोलत होती. "भाऊ, मुदत वाढनी नही त बाबा सुरतवाला पोऱ्याले हा सांगी दी." झिपरूभाऊ म्हणाले, "आन् तुना मनमा काय शे?" ती म्हणाली, "माले एम.कॉम. पुरं करनं शे. आठे ऱ्हायनू तरच व्हई."

मी खाकरले. दोघं आपापल्या कामाला लागली.

पोरीला शिकायचंय, आणि बाप लग्न लावून देणार. वाईट वाटलं. पण वाईट वाटतं म्हणून सात नंबरची खोली रिकामी ठेवायची का?

गुरुवार, १८ जानेवारी

नूतन गेल्यावर अहवाल टाइप केला. अर्थात जुन्यात. चारच वाक्यं. कामाची माहिती चांगली. परंतु कार्यालयीन कागदपत्रांत परस्पर फेरफार होत असल्याचा संशय. विश्वासार्ह नाही. मुदतवाढ देऊ नये.

"संशय" शब्दावर पाच मिनिटं थांबले. खात्री लिहायची तर पुरावा हवा. नाही म्हणावं तर चिठ्ठी आहे. संशयच ठेवला.

शुक्रवार, १९ जानेवारी

संस्थेला अहवाल पीडीएफ लागतो, आणि पीडीएफ जुन्यात होत नाही. म्हणून फाइल नव्यात उघडली — तीन मिनिटं मांडामांड! — आणि नव्यात सेव्ह केली. तेवढ्यात, साडेबाराला, प्राचार्यांनी बोलावलं. तिकडे पाऊण तास गेला. परत आले, फाइल उघडीच होती. पीडीएफ केली आणि माझ्या मेलवरून जळगावला पाठवली. हल्ली सही लागत नाही, माझ्या मेलवरून गेलं की पुरे. परत वाचत बसले नाही. आपणच लिहिलेलं काय वाचायचं? आणि वाचवतही नव्हतं.

नूतनने आज डबा उघडला नाही. तब्येत बरी नाही म्हणाली.

मंगळवार, २३ जानेवारी

आज लिहायलाच हवं.

प्रिंटर अडला म्हणून रोनक आला होता. मी त्याला सहज म्हटलं, तुझं नवं ऑफिस आमच्या दुरुस्त्या खातं. त्याने कुठेतरी एक खूण केली आणि प्रत्येक फाइलच्या नावामागे इंग्रजी अक्षरं उमटली.

"हे बघा मॅडम. बारावीची यादी — दोनदा. पर्यवेक्षण तक्ता — दोनदा. वेळापत्रक — दोनदा. नाव एक, शेपूट वेगळं. एक जुन्याची, एक नव्याची. तुम्ही या फाइलमध्ये दुरुस्त करता, ताई त्या फाइलमधून छापतात. दोघींचंही बरोबर आहे!"

"मग चूक कुणाची?"

"माझी नाही. मी म्हटलं होतं, त्रास होईल."

कुणी काही बदललं नव्हतं. कुणीच नाही. वाटणी मी केली, जुनं ठेवायचा हट्ट माझा, यादी जुन्यात करून दे हे मी सांगितलं. आणि अहवाल शुक्रवारीच गेला आहे. मुदतवाढ देऊ नये!

बुधवार, २४ जानेवारी

संस्थेत फोन केला, अहवालात दुरुस्ती आहे म्हटलं. समितीची बैठक कालच झाली म्हणे. निर्णय फोनवर सांगत नाहीत.

नूतनला समोर बसवून सांगितलं — फेरफार तू केला नव्हतास, चूक माझी होती. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. चिडायला हवं होतं. "हो मॅडम," एवढंच म्हणाली आणि हातातली फाइल उगाच उघडमीट करत राहिली.

म्हटलं, उद्या जळगावला जाऊन येते. संस्थेत काम आहे.

"कशाला मॅडम?" केवढ्याने म्हणाली! मग हळूच, "म्हणजे... थंडी आहे. फोनवर नाही का होणार?"

तिला काय सांगू कशाला ते!

गुरुवार, २५ जानेवारी

सकाळच्या एसटीने गेले. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. माझा अहवाल चुकीचा होता, लेखी देते, हवं तर माझ्यावर ताशेरे ओढा, पण मुलीची मुदत वाढवा. माझे आठ महिने उरलेत, माझं काय जाणार?

संस्थेचे सचिव शांतीलालजी दारातच भेटले. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "या बाई, या! तुमच्या नूतनची मुदतवाढ झाली. तुमचा अहवाल वाचून समितीत कुणाचा विश्वासच बसेना!"

मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांनी कागदच काढला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवला. "कुमारी नूतन महाजन कामात तत्पर आहेत. चूक दाखवली तर शांतपणे ऐकून घेतात. बारावीच्या नावांबाबत झालेल्या चुकीत त्यांचा दोष नव्हता. मुदतवाढ द्यावी."

"वीस वर्षांत तुम्ही कुणाचं इतकं चांगलं लिहिलं नाही बाई. रिटायर व्हायच्या आधी मऊ झालात की काय?"

कागद हातात घेतला. वर माझं नाव, माझा मेल, १९ तारीख. चार वाक्यं. एकही माझं नाही.

"काही दुरुस्ती करायची होती का? फोनवर तुम्ही तसं म्हणत होतात."

"नाही," मी म्हटलं. "बाजारात आले होते."

परतीच्या एसटीत पाळधी गेलं, धरणगाव आलं, काही कळलं नाही. मी लिहिलं? मी? दोष नव्हता हे तर मला मंगळवारी कळलं. शुक्रवारी कसं लिहीन? आईचं सुरू झालं तेव्हा ती म्हणायची, मी हे कधी बोलले?

चिठ्ठी नाही, वेळ नाही, सही नाही. या वेळी काहीच लिहून ठेवलं नव्हतं.

शनिवार, २७ जानेवारी

अहवालाच्या दोन्ही फाइली उघडल्या. जुन्यातली माझी, शब्द न् शब्द. नव्यातली, शांतीलालजींनी वाचली ती. शेवटचा बदल १९ जानेवारी, दुपारी बारा चाळीस. तेव्हा मी प्राचार्यांच्या खोलीत होते.

नूतन समोर टपाल नोंदवत होती. मान खाली. अर्धा तास पान उलटलं नाही.

माझी फाइल काढून टाकली. आता अहवाल एकच आहे, आणि तो मी लिहिला आहे.