मंदारला कळवलेलं हवामान

२० डिसेंबर २०१६
मंदार आज पुण्याहून निघाला. अकरा जणांना घेऊन उत्तराखंडात, हिवाळी ट्रेक. माझं संशोधन इथल्या उष्ण पावसावर, बर्फाच्या डोंगरांचं मला काय कळतं? पण धाकट्या भावाला कोण सांगणार! "ताई, तूच बघ हवामान. बाकीचे नुसतं ठोकून देतात." इथे विषुववृत्तापाशी, क्वीन्सटाउनात घामाच्या धारा, आणि मी सकाळपासून हिमालयाचे नकाशे उघडून बसलेय.

२२ डिसें.
सगळे पायथ्याच्या गावात पोचले. वर बर्फ पडणार असेल तर तिथूनच परत फिरायचं, असं ठरलंय. मॉडेलनुसार उद्या बर्फाची पातळी ३२०० मीटर. त्याच्या वर बर्फ, खाली पाऊस. यांचा कॅम्प ३००० ला. कळवलं, "कॅम्पला बर्फ नाही, फक्त पाऊस." लगेच उत्तर, "पाऊस होय! ते तर घरचंच कार्य." सह्याद्रीत भिजून भिजून वाढलेली पोरं. हायसं वाटलं.

२३ डिसें.
दुपारी मॉडेलचा नवा रन, म्हणजे नवा अंदाज. वारा फिरलाय. संध्याकाळी पातळी थेट २४०० वर. म्हणजे आधी चिंब भिजणार, मग त्याच ओल्या कपड्यांवर बर्फ आणि वारा. त्यापेक्षा कोरडा बर्फ परवडला. मला कालच सुचायला हवं होतं. आपल्याकडे भिजलेला माणूस चहा पितो, मरत नाही. हेच डोक्यात.
मेसेज जात नाहीत. गावातल्या लॉजवाल्या नेगींना फोन केला. "दीदी, वो तो सुबह ही ऊपर निकल गए. आप ही ने तो कहा था, बर्फ नहीं है."


२४ डिसें.
आईचा फोन. "मंदारचा फोन लागत नाही गं. पण तू हवामान बघितलंयस ना?" बघितलंय म्हटलं. दुसरं काय सांगू?
समीर म्हणाला, "जायचं त्याने ठरवलं, तू नाही." समजूत काढायला आला आणि माझी बोलणी खाल्ली बिचाऱ्या नवऱ्याने.
ईशाला कबूल केलं होतं म्हणून मॉलला. ख्रिसमससाठी तिथे साबणाच्या फेसाचा बर्फ उडवतात. "आई, डोन्ट बी सो ग्रम्पी लाऽ!" तिच्या केसांतला फेस पुसताना रडू आलं. दर तासाला आकडे बघतेय, जणू बघितल्याने बदलणार आहेत.

२५ डिसें.
संध्याकाळी नेगींचा फोन. नऊ जण खाली पोचले. दोघांना चालवेना, म्हणून मंदार त्यांच्यासोबत वरच थांबला. मेंढपाळांची एक झोपडी आहे, तिथे असावेत. असावेत!
गावातले चौघं आणायला जायला तयार आहेत, पण वारा पडला तरच. "सुबह मौसम खुलेगा क्या, दीदी?"
दोन मॉडेल, दोन उत्तरं. एकात पहाटेपासून चार तास उघडीप, दुसऱ्यात दिवसभर वारा. दोन्ही सांगितलं. २२ तारखेला माझं चुकलं, तेही सांगितलं.
"वो सब ठीक है. भेजूँ कि न भेजूँ?"
त्या चौघांनाही बायकापोरं असतील. समीरकडे बघितलं.
भेजिए, मी म्हणाले. पहाटे चारला निघतील.