अडलं तिथं चिंचोका

चुडावा, १२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुकेशनीस,

अ. आ. पत्रास कारण की मी साक्षरतेचा वर्ग सोडायले. लेकीची पत्रं माझी मीच वाचीन म्हणून ह्या वयात पाटी धरली. तुझं मागलं पत्र तीनदा वाचलं. अक्षर न् अक्षर लागलं, पण डोक्यात काईच शिरलं न्हाई. शेवटी शेजारच्या संघप्रियानं वाचून सांगितलं. दुसऱ्याच्याच तोंडून ऐकायचं, तर ह्या शिकण्याचा काय उपेग? आता फोनच करत जाय.

माया हायेच, ती लिवायला लागत न्हाई.

तुझी आई,
सुलाबाई

वालूर, २० ऑगस्ट २०२५

ती. आईस,

सप्रेम जयभीम वि. वि. मी बरी आहे. फोन करणार नाही आणि वर्ग सोडू देणार नाही. माझ्या चौथीतली रुख्मिणी तुझीच बहीण शोभते. धडा आगगाडीसारखा वाचते, आणि काय वाचलंस विचारलं की माझ्याकडं बघत बसते.

म्हणून मी बावीस लेकरांना दहा-दहा चिंचोके दिले. घरचेच, डबाभर साठले होते. अडलं की पुढं पळायचं नाही, त्या ओळीवर चिंचोका ठेवायचा. मग स्वतःला विचारायचं, इथं काय सांगितलंय, मला आधीचं काय ठाऊक आहे, आणि न लिहिलेलं काय दिसतंय. मराठी असो, गणित असो, भूगोल असो, नेम एकच. पहिला आठवडा कुणी चिंचोका ठेवीना, सगळ्यांना लाज. मग गणिताच्या एका उदाहरणावर मीच ठेवला. रुख्मिणी म्हणाली, "बाई, तुमालाबी अडतं?" तेव्हापासून बाकं चिंचोक्यांनी भरतात.

काल धड्यात होतं, झाडाला माती लागते, पाणी लागतं. रुख्मिणीनं तिथंच चिंचोका ठेवला. तिनं विचारलं, मग सेलूच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीवर पिंपळ उगवलाय, त्याला कोण पाणी घालतं? आई, लग्न झाल्यापासून मी तो पिंपळ बघते, मला हे कधी सुचलं नाही. तिचा प्रश्न तसाच फळ्यावर लिहिला.

तू हे पत्र तसंच वाच, संघप्रियाला दाखवू नको. मी बरी आहे. स्कूटी सध्या बंद, हेच शाळेत सोडतात. दिवाळीला येणं जमेलसं वाटत नाही. काळजी करू नको, मी अगदी बरी आहे.

तुझ्या मायेची हक्कदार,
सुकेशनी

चुडावा, २ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सुकेशनीस,

अ. आ. तुझं पत्र आठ दिवस वाचायले. त्याच्यावर चार चिंचोके ठेवले.

पयला, तू तीनदा बरी आहे म्हणलीस तिथं. बऱ्या माणसाला एकदा लिवलं की पुरतं. दुसरा स्कूटीवर. कुणाच्या मागं बसायला तुला कधी आवडलं न्हाई. तिसरा दिवाळीवर. चौथ्यापाशी लय अडले. बावीस लेकरं, दहा-दहा चिंचोके. पाटीवर मांडलं, दोनशे वीस झाले. चिंच बघून लहानपणापासून तुझे दात आंबतात, आन जावई तर तिला हातबी लावीत न्हाईत. मग घरात एवढी चिंच खाल्ली कुणी?

मागल्या दोनी वक्ताला तू लगेच सांगितलंस, आन दोनी वक्ताला आपुन रडत बसलो. म्हणून अवंदा कागदावर येऊ दिलं न्हाईस. राग न्हाई माय मला. कितवा महिना हाय तेवढं लिव.

हे तू कुठंच लिवलं न्हाईस, तरी मी वाचलं. माझं मी. मग पाटी घेऊन वर्गाला गेले.

जावयाला जयभीम. तुला पोटभर आशीर्वाद, दोघांचा वाटा धरून.

तुझी आई

वालूर, ९ सप्टेंबर २०२५

ती. आईस,

सप्रेम जयभीम वि. वि. पाचवा लागलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं नीट आहे. आम्हा दोघांशिवाय नात्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि परवापर्यंत अंगठा उठवणाऱ्या माझ्या आईनं ते चिंचोक्यांत वाचलं. पोरांना शिकवलं खरं, पण वाचणं एवढं मोठं असतं हे मला तुझ्या पत्रानं कळलं.

आता माझा एक चिंचोका. आई, मला भीती वाटते. इथं मी अडले आहे.

तू ये. चुडाव्याला गाडीत बस, सेलूला हे उतरवून घेतील. सोबत कुणी नको. स्टेशनांच्या पाट्या तुझ्या तू वाचत ये.

वाट बघणारी,
सुकेशनी