निशाच्या पाठाचे चित्र

दि. ४ फेब्रुवारी, धुळे
नात चि. निशा जळगावहून आली. अध्यापक विद्यालयाचे अखेरचे वर्ष. अंतिम पाठ संगणकाच्या पडद्यावर घ्यावयाचा असून साहित्य स्वतः केलेलेच हवे. त्यास गुण आहेत. मजकडे केळीच्या झाडाचे चित्र मागितले. तक्ता नको, साधा कागद चालेल, मोबाईलने फोटो घेईन, म्हणाली. तीन वर्षांनी ब्रश ओला केला.

दि. ६
चित्र पूर्ण. एका पानाची कड दोनदा पुसली. केळफूल मात्र मनासारखे उतरले.
चाळीस वर्षे येथील भावी शिक्षकांचे तक्ते मीच रंगविले. नाव कधी घातले नाही. त्यांना ते स्वतःचे म्हणून दाखवावयाचे असत. धंद्याचा रिवाजच तो. निकालानंतर मुली पेढे आणीत. आता कोणी येत नाही.
या वेळी कोपऱ्यात नाव घातले. घरचे काम.

दि. ९
निशाने पाठ दाखविला. बोट लावताच मुळाशी निळे पाणी येते, खोडातून पानापर्यंत चढते. माझ्या चित्रात. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.
कोपऱ्यात नाव नव्हते. विचारले.
"आबा, तेवढं कापी टाकं. नही ते मार्क जातीन."
योग्य केलेस, म्हणालो.

दि. १३
सर्वांत अधिक गुण. निशाचा फोन आला; आईशी, म्हणजे सूनबाईंशी, बोलताना ऐकले. चित्र कोणाचे, असे परीक्षकांनी विचारले. निशाने सांगितले, ‘माझेच’.
शेकडो मुली हेच म्हणाल्या असतील. कधी टोचले नाही.

दि. १४
निशा जळगावहून घरी आली. जेवली नाही. सर्वांत अधिक गुण म्हणून मंगळवारी सर्व छात्राध्यापकांपुढे तिने चित्र काढून, ते हलते कसे करावे, हे शिकवावयाचे आहे. हलते करणे तिला येते. काढणे येत नाही. मी शिकविलेच नाही. कोणालाच नाही. लोक शिकले तर मजकडे कोण येणार, असे तेव्हा वाटे.

दि. १५
सकाळपासून तिचा हात धरून गिरवून घेतो आहे. खोड वाकडे जाते. दुपारी ब्रश खाली ठेवून हळूच म्हणाली, "आबा, सरसले खरं सांगी टाकू का?"
सरांना सांगितले तर गुण जातील. कदाचित वर्षही. तरी ‘सांग’ हा शब्द माझ्याच तोंडून निघावयास हवा होता.
पान पुन्हा काढ, म्हणालो.
ती मान खाली घालून काढीत आहे.