बर्गनहून बायको परत आणणे

रविवार, ७ जुलै
बर्गनला पोचलो. पाऊस. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि माशांचा वास नाकात. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण या शहराला दोन ओळींच्या वर कधी दिल्या नाहीत, त्या उगाच नाही.
काम सोपं आहे. राग्नहिल्ड ईस्टरला पंधरा दिवस म्हणून बहिणीकडे आली, त्याला तीन महिने झाले. परत यायचं कसं, याचा बिचारीला संकोच. आपण मोठं मन दाखवायचं. शुक्रवारच्या गाडीनं दोघं घरी, हामारला.
दार मेव्हणीनं उघडलं. बोडिल. म्हणाली, "अरे देवा, तू?" आनंद झाला असावा. राग्नहिल्ड म्हणे कामावर गेलीय. कसलं काम?

सोमवार, ८ जुलै
बंदरातल्या फेरीबोटीवर दोर बांधते! एकसष्टाव्या वर्षी! नारिंगी जाकीट, नखांत ग्रीस. मला बघून म्हणाली, "तोर्गेइर, बाजूला हो, लागेल." लागला. ओला, बुळबुळीत दोर, सरळ थोबाडावर. शी.
निश्चय : अबोला. दोन दिवसांत ताळ्यावर येईल.

मंगळवार, ९ जुलै
अबोला चालू. तिच्या लक्षात आलेला नाही. जेवताना बोडिल म्हणाली, या खेपेला तोर्गेइर किती छान वागतोय.
जेवायला कॉड माशाची उकडलेली डोकी. दोघी बहिणी माशांचे गाल चोखून खात होत्या आणि खिदळत होत्या. मी नुसता बटाटा खाल्ला. एक डोळा माझ्याकडेच बघत होता.

बुधवार, १० जुलै. सकाळी ७.४०
राग्नहिल्ड रोज सकाळी समुद्रात पोहते. म्हटलं, दाखवूच हिला. गुडघ्यापर्यंत गेलो. पायाला जेलीफिश. ओरडलो नाही, फक्त मोठ्यानं बोललो. तिच्या मैत्रिणींना हसायला काय झालं?
उबदार प्रवाहामुळे हा किनारा थंड पडत नाही, असं मी शिकवलं. शिकवलं ते बरोबरच आहे. पाणी चुकलंय.

गुरुवार, ११ जुलै
फेरीबोटीत बसून निर्वाणीचं बोलायचं ठरवलं. प्रवास दहा मिनिटांचा. सहाव्या मिनिटाला उलटी झाली. कठड्यावरून, पण वारा उलटा. घाण, घाण. राग्नहिल्डनं कपाळ धरलं. तिचा हात गरम होता.
तोंड पुसून म्हणालो, उद्याच्या गाडीनं चल, नाहीतर...
"नाहीतर काय?" म्हणाली.
त्यापुढची तयारी केली नव्हती.
मग शांतपणे म्हणाली, "तीन महिन्यांत तू अकरा फोन केलेस. कढई कुठाय, मशीनचं झाकण उघडत नाही. मी का गेले, हे एकदा तरी विचारलंस?"
बरं, का गेलीस? विचारलं. तेवढ्यात बोट धक्क्याला लागली आणि ती दोर घेऊन पळाली. लोक तिला नावानं हाका मारत होते. उत्तरासाठी आणखी दोन फेऱ्या बसलो, आणखी एक उलटी.
शेवटी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "घरी दिवसभर काय काय चुकलं तेवढंच ऐकायचे रे. हवेचं, शेजाऱ्यांचं, माझं. इथं मी दोर फेकते, तो पडायला हवा तिथं पडतो. बास, एवढंच."
भावनेच्या भरात बोलतं माणूस. सकाळपर्यंत निवळेल.

शुक्रवार, १२ जुलै. गाडीत
राग्नहिल्ड स्टेशनवर आली, कामाच्या जाकिटातच. सँडविचचं पुडकं दिलं. म्हटलं, घाई नाही, सावकाश ये, मी ऑगस्टपर्यंत थांबतो.
"नको थांबूस, तोर्गेइर," म्हणाली. गाल ओले होते तिचे. पाऊस होताच म्हणा.
सँडविच मॅकरेल माशाचं. वास डबाभर. तरी खाल्लं.

रविवार, १४ जुलै. हामार
ऊन आहे. उगाचच. सिंकमध्ये बशा तशाच.
प्रवास कसा झाला असं कुणी विचारलं, तर सांगायचं ठरवलंय : हवा वाईट होती, बाकी सगळं प्लॅनप्रमाणे.
दोन दिवस झाले. दोनदा दुकानात जाऊन आलो, कुंपणाशी तासभर उभा राहिलो. अजून कुणी विचारलेलं नाही.