अर्ध्या अर्ध्या कॅप्सूल

९ जानेवारी

पुण्याच्या दवाखान्यातून दोन बाटल्या आल्या. एक ह्यांची, एक बाळासो भाऊजींची. सख्ख्या भावांना दुखणंही एकच – आतड्याची सूज! बाटलीत पेप्टाइडच्या कॅप्सूल, अजून संशोधन चालू असलेलं औषध. पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या, निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसती पूड. कुणाला काय, ते त्यांनाही माहीत नसतं म्हणे! देवा, खरं ह्यांच्या वाट्याला येऊ दे.

२ फेब्रुवारी

ह्यांचं रक्त पडायचं थांबलं! आज दोन भाकरी खाल्ल्या. खरं औषध आमच्याच बाटलीत, माझी खात्री झाली. भाऊजींना तसा उतार नाही. सुवर्णाताई, माझी मोठी जाऊ, शेवंती तोडताना गप्प गप्प होत्या. मला धड हसताही येईना.

३ फेब्रुवारी

ह्यांनी दोन्ही बाटल्या परातीत ओतल्या, कालवल्या आणि पुन्हा अर्ध्या अर्ध्या भरल्या! मी म्हटलं, "आवो, मॅडमनी बजावलंय, एकमेकांचं घ्यायचं न्हाई!"

"विहिरीचं पानी वाटून घेतो न्हवं? मग हेबी तसंच. खरं आसंल ते दोघास्नीबी लागंल."

भाऊजी नको नको म्हणत होते – "भारत, तुला गुण आलाय, तुझं तू घे." ह्यांनी बाटली त्यांच्या खिशात कोंबली. मला भाऊजींचाच राग आला. नको होतं तर घेतली कशाला?

१४ फेब्रुवारी

ह्यांच्या तोंडाकडे सारखी बघत बसते. संडासला गेले की दाराबाहेर उभी. "काय न्हाई गं बये, जा तिकडं!" दवाखान्यात सांगावं तर दोघांनाही काढून टाकतील. न सांगावं तर घास उतरत नाही.

२० फेब्रुवारी

ह्यांना काहीच झालं नाही. भाऊजींचं रक्त मात्र वाढलंय.

२२ फेब्रुवारी

भाऊजी गोठ्यात चक्कर येऊन पडले. पिकअपमध्ये घालून पुण्याला आणलं. हे मॅडमपुढे मान खाली घालून उभे. शेवटी मीच सगळं सांगून टाकलं – परात, कालवाकालव. मॅडमनी कपाळाला हात लावला. कुणाला कोणतं औषध होतं, ते आता बंद ठेवलेली यादी उघडून बघावं लागेल म्हणाल्या.

२३ फेब्रुवारी

खरं औषध भाऊजींचं होतं. बाटल्या कालवण्याआधीच्या तपासणीत त्यांची सूज आतून उतरायला लागलेली दिसली होती. ह्यांच्या बाटलीत नुसती पूड! हे दुखणं कधी कधी आपोआप दबतं म्हणे.

सुवर्णाताई बाहेर बाकावर बसल्यात. मघाशी माझा हात धरून म्हणाल्या, "अनिता, तुमच्यातलं आमाला दिलंत, लई उपकार झालं गं." त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.